आधी नळी तपास, मग कर्जाचं बघू

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

हातातली अन्शुट्झ कंपनीची १९०३ मॉडेलची रायफल विकून नवी १९१३ मॉडेलची घ्यावी की आहे तीच सुधारावी, असं तू विचारलं आहेस. वडील त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालेत, हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. माझं मत स्पष्ट आहे: या हंगामात नवी रायफल नको. आणि सुधारणांची जी यादी पाठवली आहेस, तीही निम्मी खोडून टाक.

तुझेच गुण बघ. प्रत्येकी २०० पैकी नीलिंग (गुडघ्यावर बसून) १९३, प्रोन (पालथं पडून) १९७, स्टँडिंग (उभं राहून) १८२. स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधल्या पात्रता फेरीत ५९० केले, त्यात नीलिंगचे १९८, प्रोनचे १९७ आणि स्टँडिंगचे १९५ होते. म्हणजे प्रोनमध्ये तू त्याच्याइतकेच गुण केलेस, तेही जुन्या १९०३ वर. जी रायफल प्रोनला १९७ देते, तिची नळी उभं राहिल्यावर बिघडत नाही. तुझे गुण जातात ते स्टँडिंगला, आणि ते कर्ज काढून परत येणार नाहीत.

१९१३ उत्तम रायफल आहे, यात वाद नाही. तिची ५४ ॲक्शन, म्हणजे काडतूस बसवून उडवणारी यंत्रणा, भक्कम, आणि ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो ते बोटाला नेमकं कळतं. १९०३ ची ६४ ॲक्शन साधी आणि हलकी. पण ५० मीटरवर गोळी कुठे लागणार, हे त्याहून जास्त नळी आणि गोळ्यांचा लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेला गट) ठरवतात. आपल्या रिमफायर जातीच्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. ते सगळीकडे सारखं बसलं नाही की गोळीचा वेग बदलतो. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर खाली-वर जाते. आणि दहाचं अख्खं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं! शिवाय ही काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत, त्यामुळे कारखान्यातून आलेला लॉट जसा असेल तसा घ्यावा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्यांचे दोन लॉट तुझ्या नळीतून अगदी वेगळे जाऊ शकतात. म्हणून महागडी रायफल आणि मिळेल त्या गोळ्या, हा व्यवहार मला पटत नाही.

तेव्हा आधी नळी नीट साफ कर. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, संपून नळी सुरू होते तिथे जळक्या कार्बनचं कडं धरतं, काळं आणि टणक. नुसता फेल्टचा बोळा ओढून ते निघत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, आणि रॉड गाइडमधूनच घालायचा, नाहीतर नळीला ओरखडा पडतो. हे कडं साचलं की ग्रुप फाटतो, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या विखुरतात, आणि माणसं ‘नळी गेली’ म्हणून मोकळी होतात. मग स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे, स्क्रू टॉर्क रेंचने एकसारखे आवळ. तुझा स्टॉक लाकडी, पावसाळ्यात तो फुगतो. एवढं झालं की क्लबाच्या साठ्यात जितके लॉट असतील तितके, टेकू लावून, दहा-दहा राउंडचे ग्रुप मारून बघ. जो जमेल तो वर्षभराचा घेऊन ठेव. पैसे इथे घाल.

आता यादी. नेम धरायची चांगली मागची साइट घे, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) घे, आणि खांद्याला टेकणारी, सगळीकडून सरकणारी बट प्लेट जरूर घे. मागच्या महिन्यात तू पाठवलेल्या व्हिडिओत, उभी असताना साइट शोधायला तू मान पुढे आणि खाली नेतेस. विसाव्या गोळीपर्यंत मान थकणारच. गाल टेकतो तो चीक पीस वर घे, बट प्लेट खाली सरकव, म्हणजे रायफल चेहऱ्याशी येईल. या तिन्ही वस्तू उद्या नवी रायफल आली तर तिच्यावर नेता येतील, फक्त घेताना तेवढं विचारून घे. अॅल्युमिनियमचा स्टॉक मात्र खोड. ६४ साठी घेतलेला स्टॉक ५४ ला बसत नाही, म्हणजे ते पैसे बुडीत. नवी नळीही खोड. आपल्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच धरले जातात, परवान्याच्या कार्यालयाला न विचारता त्या भानगडीत पडायचं नाही.

नवी रायफल कधी घ्यायची, तेही सांगते. स्टँडिंगला तू सातत्याने १९० च्या वर आलीस, आणि चांगला लॉट, साफ नळी असूनही टेकूवरचा ग्रुप दहाच्या वर्तुळाबाहेर सांडायला लागला, की मी स्वतः वडिलांशी बोलेन. तोवर त्यांना पतसंस्थेत जाऊ देऊ नकोस. हे पत्र त्यांनाही वाचायला दे.

टेस्टचे कागद लॉट नंबर लिहून पाठव. बट प्लेट बदलल्यावर स्टँडिंगचा एक व्हिडिओ बाजूने काढ, मानेपासून पावलांपर्यंत दिसेल असा.

तुझी,
मॅडम