वाचक विचारतात: मावशीचा नवस मी का फेडायचा?

प्रश्न: आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे कॅथलिक, आता म्हापशात असतो. पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला, बांबोळीला आयसीयूत होती, आता घरी आलीय आणि भांडीसुद्धा घासायला लागलीय. पण तेव्हा मावशीने मला न विचारता माझ्या वतीने मिलाग्रिस सायबिणीला (म्हापशाच्या चर्चमधल्या मरियामातेला) सोन्याची चेन बोलून टाकली, आता म्हणते फेडली नाहीस तर दुखणं उलटेल. माझी तेवढी ऐपत नाही. शिवाय आईच्या बाजूच्या बेडवरचा मुलगा गेला, त्याची आई बाहेर बाकावर दिवसभर रोझरी धरून बसलेली असायची. अशात थँक्सगिव्हिंग मिस्सा, म्हणजे आभाराची चर्चमधली प्रार्थना, करायची लाजच वाटते.

उत्तर: ताई, आधी ती भीती डोक्यातून काढा. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला मागे फिरतो एकटाच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्याला चार हात लांब ठेवायचे असा. बाकीचे नऊ कुठे गेले असं येशू विचारतो खरं, पण म्हणून त्या नऊ जणांचा रोग उलटला असं लूकने कुठेही लिहिलेलं नाही.

आता चेनचं. चर्चच्या 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, 1193 वं कलम आहे, नवस जो बोलतो त्यालाच तो बांधतो, म्हणजे मावशीने तुमच्या नावावर उधारी लिहिली तरी ती तुमची होत नाही. मावशीही अडकलेली नाही हं, योग्य कारण असेल तर पॅरिशचे फादर नवसातून मोकळं करू शकतात, तेव्हा दोघी मिळून जाऊन भेटा आणि तिच्याशी भांडू नका, बिचारी घाबरून बोलून गेली. बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याने तीन कोकरं आणायची असं आहे, पण लगेच पुढे म्हटलंय की गरीब असेल तर एक कोकरू आणि दोन पारवे पुरे. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, स्टॉलवर मेणाचे हातपाय, मेणाची बाळं मिळतात, लईराई देवीची बहीण मानून हिंदू बायकाही तेल घेऊन रांगेत असतात, त्यांच्यात उभं राहून एक मेणबत्ती लावलीत तरी खूप झालं. (चेन सायबिणीकडे पुष्कळ असतील असं आपलं माझं मत.)

त्या मुलाचं मात्र अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मिस्सा जरूर करा, फक्त 'आमच्या विश्वासामुळे आई वाचली' असं कुणापुढे बोलू नका, कारण मग त्या बाईचा विश्वास कमी पडला असाच अर्थ निघतो. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं दुखणं, काढ म्हणून प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवलं, तो काटा राहिलाच, आणि पौलाचा विश्वास कच्चा होता असं कुणी म्हणत नाही. तिचा नंबर असेल तर फोन करा, मिस्सेचं आमंत्रण द्यायला नव्हे, नुसती विचारपूस करायला, आणि जमलं तर मुलाच्या नावानेही एक मिस्सा लावा.

येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूचा ताप येशूने उतरवला तशी ती उठून पाहुण्यांचं बघायला लागली, मार्कने आपल्या शुभवर्तमानात एका ओळीत संपवलंय ते. तुमच्या आईची भांडी त्यातलीच, पण एवढ्यात तिला दमू देऊ नका. डॉक्टरांचेही आभार माना, वैद्याचा मान राखा असं बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात आहेच, आणि ते फॉलोअपला बोलावतील त्या दिवशी आईला घेऊन जा, मिस्सा त्याच दिवशी येत असेल तर मिस्सेची तारीख बदला.