समुद्र दाखवू नको, खोली दाखव

"पोट्टं फोटोत हासते मॅडम, पण फोनवर दोन शब्द बोलत नाई."

हे वाक्य थोडंफार इकडेतिकडे करून मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता पहिलं अर्ध ऐकलं की दुसरं मला पाठ असतं. आर्वी, पुलगाव, देवळी, वर्धा नदीपलीकडे धामणगाव, या सगळ्या पट्ट्यातली पोरं बारावी झाली की नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करतात आणि मग कोणी मालदीवला, कोणी बालीला, कोणी मॉरिशसला. शेतीत काही उरलं नाही, दोन एकरात कपाशी लावून हाती काय येतं ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे पोरगं गेलं याचं दुःख कोणी बोलून दाखवत नाही, उलट पेढे वाटतात. आणि मग सहा महिन्यांनी वर्षभरानं तेच आईबाप माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात, तेही बहुतेक दुसऱ्याच कारणानं.

या काकू आल्या होत्या झोपेसाठी. आर्वी तालुक्यातलं गाव, बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायला आल्या की माझ्याकडे चढायच्या. (त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटणार नाही एवढं बदललंय.) रात्री दोन-अडीचला जाग येते, छातीत धडधड होते, डॉक्टरनं ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. पोरगा मालदीवच्या एका रिसॉर्टवर तीन वर्षांपासून, रेस्टॉरंटमध्ये वेटरचा कॅप्टन झाला होता. पैसे दर महिन्याला येत होते, घरावर स्लॅब पडला होता.

"मंग त्रास कशाचा वाटते काकू?"

"काई नाई जी. तो सुखात हाय. तिकडं सर्ग हाय म्हनतेत लोक."

माझी एक पद्धत आहे, चौदा वर्षांच्या कामात ती पक्की झालीय. एका माणसाच्या चिंतेला मी कधीच एकट्याची चिंता समजत नाही. घरात एक जण रडत असतो तेव्हा दुसरा कोणीतरी काहीतरी गिळून बसलेला असतो, तो शोधायचा. म्हणून मी काकूंना झोपेबद्दल फार विचारलंच नाही. मी विचारलं, शेवटचा फोन तुम्ही कधी लावला?

त्या गप्प. मग म्हणाल्या, "मी कायले लावू? थोच लावते. आपला दिवस असते तवा तिकडं रात असते ना, झोपमोड होते लेकराची."

शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेत होता, त्यावरून त्यांनी धरून चाललं होतं की परदेश म्हणजे उलटी वेळ. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे. केरळच्या खाली, श्रीलंकेच्या बाजूला, नागपूरहून मोजलं तर दुबईपेक्षाही जवळ. मी भिंतीवरच्या घड्याळात दाखवलं, इथे चार तर तिथे साडेतीन. काकू घड्याळाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. तीन वर्षं त्या माउलीनं एकही फोन स्वतःहून केला नव्हता आणि पोरगं तिकडे समजत होतं की आईला आपली आठवणच येत नाही. हे मला नंतर कळलं, पण धागा माझ्या हातात तेव्हाच आला होता.

दुसरी गोष्ट निघाली ती देवाची. सुट्टी संपवून तो परत निघाला तेव्हा काकूंनी गजानन महाराजांची छोटी पितळी मूर्ती बॅगेत ठेवली, त्यानं ती काढून कपाटात ठेवली. काही बोलला नाही. काकूंच्या मनात बसलं, पोरानं देव सोडला, तिकडे दारू वाढतो, काय काय खातो, हातचा गेला. खरं असं आहे की मालदीव हा मुस्लिम देश आहे, त्यांच्या कस्टम्सच्या नियमात पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे. दारूसुद्धा बाहेरून नेता येत नाही, लोकवस्तीच्या बेटांवर मिळत नाही, रिसॉर्टसारख्या ठिकाणी पाहुण्यांनाच मिळते. पोरानं महाराजांची मूर्ती जप्त होऊ नये म्हणून काढली होती. एवढं एक वाक्य बोलायला त्याला जमलं नाही आणि यांना विचारायला जमलं नाही, आणि रात्रीची झोप गेली.

काका एकदाच आले. म्हणाले, "पैसे येतेत ना महिन्याले, मंग बाईले रडाले काय झालं?" पायाला पट्टी होती. शुगरमुळे जखम चिघळली होती, सेवाग्रामला नऊ दिवस भरती होते. मी विचारलं, मुलाला सांगितलं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही सांगितलं. तिकडून येता येत नाही, उगाच जिवाला घोर कशाला.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्याच्यापासून पाय लपवला, तो तुमच्यापासून काय लपवत असेल?

पुढच्या वेळी आम्ही माझ्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावायचा ठरवलं, त्याच्या दुपारच्या सुट्टीत. मी काकूंना एकच सांगितलं, त्याला समुद्र दाखव म्हणू नका, खोली दाखव म्हणा. बस. बाकी मी काही शिकवलं नाही. त्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचंय कारण आजही तो कॉल जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे.

फोन लागला. तो युनिफॉर्ममध्ये, मागे निळं पाणी, चेहऱ्यावर तेच फोटोतलं हसू. "आई, पाय ना, आज पानी कसं दिसते." काकू म्हणाल्या, "पानी पायलं बाबू. तुही खोली दाखव."

तो थांबला. "खोलीत काय हाय पाहासारखं?"

"मले पाहाची हाय."

मग कॅमेरा हलायला लागला. तो चालत होता. झाडांमागून एक वाट, पाहुण्यांना दिसत नाही अशी, तिकडे जनरेटरचा घरघर आवाज, खारं पाणी गोडं करायचं मशीन तिथेच असतं कारण बेटावर विहीर-नदी काही नाही, कचऱ्याच्या मोठ्या थैल्या बोटीची वाट बघत पडलेल्या, दोरीवर तीसेक सारखे शर्ट वाळत घातलेले. मग एक दार. आत चार जणांची खोली, दोन वर दोन खाली. खालच्या पलंगावर श्रीलंकेचा एक मुलगा झोपला होता, हा हळू आवाजात म्हणाला, नाईट करून आला. उशाशी एक लहान फळी. फळीवर चार्जर, औषधाची पट्टी, आणि एक प्लास्टिकचा डबा, लाल झाकणाचा.

काकूंनी डबा ओळखला. "हा तं मायावाला जवसाच्या चटनीचा डबा. दाखव, हाय का त्यात?"

त्यानं झाकण उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. रिकामा होता. धुतलेलाही नव्हता, कडेला काळपट तेलकट चुरा चिकटलेला.

"सरली तं डबा धुतला नाई काहून?"

बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "वास येते आई त्याचा. धुतला तं जाईन."

काकू रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील, मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवून ठेवला होता. त्यांनी पदर कमरेला खोचला, शेतात निघताना बायका खोचतात तसा, आणि म्हणाल्या, "तुह्या बापाच्या पायाले जखम झाली व्हती बाबू. सेवागरामले व्हतो आमी नऊ दिवस. आता बरं हाय. तुले सांगतलं नाई."

मग तो रडला. आणि मग खरं बोलणं सुरू झालं, पावणेदोन तास, मी मध्ये तीन वेळासुद्धा बोलले नसेन. माझ्या मते समुपदेशकाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, नेमकी जागा दाखवायची आणि मग बाजूला व्हायचं. दोघंही तीन वर्षं एकमेकांना छान छान चित्रं पाठवत होते, तो समुद्राचं आणि या स्लॅबच्या घराचं, आणि दोघंही समोरच्याचं चित्र खरं मानून एकटे पडत होते. हे मला त्या डब्याकडे बघताना एकदम लख्ख समजलं.

त्यानं त्या दिवशी आईला जे सांगितलं ते प्रत्येक आईबापानं ऐकावं असं होतं. मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं, त्यातल्या दोनशेच्या आतच लोकवस्ती, रिसॉर्टचं बेट म्हणजे बहुतेक एका कंपनीचं एकच बेट, गाव नाही, बाजार नाही, चहाची टपरी नाही. याचं बेट पायी बारा मिनिटांत फिरून होतं. सगळ्या देशात नैसर्गिक जमिनीची सगळ्यात उंच जागा अडीच मीटरच्याही आत आहे, आपली कापसानं भरलेली बैलबंडी त्याहून उंच दिसते. सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे? पाहुण्यांच्या किनाऱ्यावर स्टाफनं बसायचं नाही. जास्त आजारी पडलं तर बोटीनं राजधानी मालेला, सी-प्लेन रात्री उडत नाही. आजी गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. व्हिसा मालकाच्या नावावर चालतो, त्यामुळे जमत नाही म्हणून शेजारच्या रिसॉर्टवर उद्या जाऊन उभं राहता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये भारत-मालदीव भांडण मोबाइलवर पेटलं तेव्हा त्याला तिथे कोणी वाकडं बोललं नाही, पण 2023 ला दोन लाखांवर भारतीय पाहुणे होते, सगळ्या देशांत पहिला नंबर, ते पुढच्या वर्षी घटले आणि हिंदी बोलायला टेबलावर माणूस येईनासा झाला, त्याचं त्याला वाईट वाटायचं.

आणि चांगलं? तेही त्यानं तितक्याच मनापासून सांगितलं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण एकदा रडायला बसलो की सगळंच काळं करतो. राहणं खाणं युनिफॉर्म फुकट, त्यामुळे पगार जवळपास अख्खा वाचतो, आणि तो डॉलरमध्ये. सर्व्हिस चार्ज वर मिळतो, डिसेंबर ते एप्रिल भरपूर, पावसाळ्यात कमी. रशियन पाहुण्यांशी कामापुरतं रशियन बोलतो. नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो पोरांसोबत एका ताटात जेवतो. "आई, इथं मले कोनी जात इचारत नाई, काम पायतेत." हे ऐकून काकू माझ्याकडे बघून हसल्या, त्या दिवसातलं पहिलं हसू.

आता जे पालक हे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं स्पष्ट लिहिते. बेट चांगलं की वाईट हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. पर्यटकाचं बेट आणि कामगाराचं बेट एकाच वाळूवर असले तरी दोन वेगळी गावं आहेत. पर्यटक पाच दिवस राहून जातो, त्याला फायदेच दिसणार. कामाला गेलेल्याचा हिशोब वर्षांवर चालतो. माझ्याकडे आलेल्या पोरांमध्ये मी पाहिलंय की ज्याला "अमुक तारखेपर्यंत, अमुक कामासाठी" हे माहीत असतं तो तिथे टिकतो आणि आनंदातही राहतो, आणि जो नुसता "पाहू" म्हणून राहतो तो तिसऱ्या वर्षी मनानं खचतो. लग्नाचंही आधीच बोला. फॉरेनला आहे म्हणून स्थळं येतात, पण रिसॉर्टच्या स्टाफ क्वार्टरमध्ये सहसा बायको नेता येत नाही, हे मुलीकडच्यांना साखरपुड्याच्या आधी सांगा, नंतर कळलं की दोन घरं माझ्या खुर्चीत येऊन बसतात.

जाण्याआधी एजंटचं बघा. या पोराच्या बापानं दीड लाख दिले होते, घरातलं सोनं गहाण टाकून. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्यानं केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नाव तपासता येतं, आणि तो जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. करारात रजा किती, जाण्यायेण्याचं तिकीट कोणाचं, आजारपणाचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, मालकानं तो अडकवून ठेवायचा नसतो. "अडकला तं?" ही भीती खोटी नाही, 2020 मध्ये मार्चअखेर ते जुलै मध्यापर्यंत मालदीवनं दारं बंद केली होती, अनेकांचे पगार थांबले, मे महिन्यात नौदलाचं जलाश्व जहाज मालेहून 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं. म्हणून तीन-चार महिन्यांचे पैसे आईबापानं स्लॅबमध्ये घालू नयेत, त्याच्याच खात्यात राहू द्यावेत. हे मी बापांना फार जोर देऊन सांगते.

आणि फोनवर "जेवला का" विचारू नका. त्याचं उत्तर "हो" आणि बोलणं संपलं. "आज कोणासोबत जेवला" विचारा. हा एवढासा बदल मी कितीतरी घरांना दिलाय आणि तो चालतो. पोरगं कोणाचं तरी नाव घेतं, मग त्या नावाची गोष्ट येते. ज्या दिवशी नाव येत नाही, त्या दिवशी काळजी करा आणि दुसऱ्या दिवशी परत फोन लावा.

त्यांचं काय ठरलं ते सांगते. अजून दोन वर्षं, गहाण सोडवून वर्ध्याला छोटी मेस टाकण्यापुरते पैसे, मग परत. तारीख पोरानंच दिली. वर्षाची रजा तो आता ऑफ सीझनला घेतो, म्हणजे नेमकी पोळ्याच्या वेळी. काकूंनी घरच्या कॅलेंडरवर पोळ्याच्या चौकोनात पेनानं गोल केला, त्याचा फोटो नातीकडून मला पाठवला. छातीतली धडधड पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण झोप लागते, आणि मध्यरात्री जाग आलीच तर सकाळी सातला स्वतः फोन लावतात.

मागच्या बाजाराला काकू वर आल्या. पिशवीत दोन डबे, दोन्ही लाल झाकणाचे, गावातला एक पोरगा त्याच बाजूला कामाला निघाला होता त्याच्या हाती पाठवायचे होते. एक लेकाचा. दुसरा कोणाचा, मी विचारलं.

"थो खालच्या पलंगावर झोपला व्हता ना, श्रीलंकेवाला, त्याचा. मॅडम, त्याले तिखट चालते काय वो, का मिरची कमी टाकू?"