मुलगा नॉर्वेत ट्रोम्सोला शिकतो, तेलउपशापासून आर्क्टिक वाचवण्याच्या आंदोलनात जायचं म्हणतो. अशा पोरांमुळे काही थांबतं का? जाऊ द्यावं का?

जाऊ द्या.

मी स्टाव्हांगरला राहतो, तेलाच्या रिगवर नोकरी करतो. पंधरा दिवस समुद्रात, चार आठवडे घरी. म्हणजे तुमचा मुलगा ज्यांच्या नावाने घोषणा देणार, त्यातलाच मी एक. तरीही सांगतो, जाऊ द्या.

२०१७ च्या नोव्हेंबरात माझी लेक सतरा वर्षांची होती. ‘नातुर ओग उंगडोम’ या पोरांच्या संघटनेने ग्रीनपीसबरोबर सरकारवर दावा लावला होता: नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात २०१६ साली दिलेले १० तेलपरवाने रद्द करा. आधार राज्यघटनेच्या कलम ११२ चा. निरोगी पर्यावरणावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे, असं ते कलम म्हणतं. सुनावणी ओस्लोला. मी रिगवरून घरी आलो, तर जेवणाच्या टेबलावर आईने सोलापूरहून आणलेला पांढरा पलंगपोस पसरलेला, त्यावर हातभर उंचीचा लाल ११२. लेकीने कडा आखल्या होत्या आणि माझी आई, जिला नॉर्वेजियनचं अक्षर कळत नाही, रांगोळी भरावी तसा आत रंग भरत होती.

म्हटलं, “आई, हे माझ्या नोकरीविरुद्ध आहे, कळतंय का तुला?”

“कळतंय की. तू जेवून घे, ओट्यावर काढून ठेवलंय.”

लेक आठ तासांच्या ट्रेनने ओस्लोला गेली. फोटो बघून पुण्याहून दादाचा फोन: “बापाचा पगार तेलाचा आणि पोरगी तेलाच्याच नावाने शंख करते? खाल्ल्या मिठाला जागायला शिकव तिला.” मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आता बोलतो. दादा, मीठ समुद्रातूनच येतं. आणि या कामात माझी वीस वर्षं गेली, पण हिवाळ्यात जिथे दिवसच उजाडत नाही तिथे बर्फाखाली शिरलेलं तेल काढायचं कसं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर एकाही साहेबाने दिलेलं नाही. वसंतात त्याच बर्फाच्या कडेला प्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, फुटतं, त्यावर मासे, पक्षी, सगळा संसार.

तर, थांबतं का? खटला ते हरले. खाली हरले, अपिलात हरले, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हरले, २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही. त्याच वर्षी बॅरेंट्समध्ये योहान कास्टबर्ग या क्षेत्रातून तेल काढणं सुरू झालं. पण उत्तरेतल्या लोफोटेन बेटांचा समुद्र, जिथे कॉड मासा अंडी घालायला येतो, तो अजून तेलाला बंद आहे. त्यासाठी ही पोरं आणि कोळी वर्षानुवर्षं भांडले. २०२४ च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयाने उत्तर समुद्रातल्या तीन क्षेत्रांच्या मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या, कारण तेल जाळल्यावर होणारं प्रदूषण मोजलंच नव्हतं. तो दावाही यांचाच. पुढे अपिलं झालीच म्हणा.

मी नोकरी सोडलेली नाही, हेही सांगून टाकतो. घराचे हप्ते आहेत.

आणि तुमचा मुलगा विद्यार्थी परवान्यावर असणार. रस्ता किंवा दार अडवून बसलं की पोलीस उचलतात, दंड लावतात. त्याआधी त्याने परवान्याचं नीट विचारून घ्यावं. नुसता फलक धरून उभं राहायला काही हरकत नाही. फलक घरी रंगवणार असेल तर टेबलावर आधी प्लास्टिक अंथरायला सांगा. आमचा डाग अजून गेलेला नाही.