टेक्नोचं ‘गोल्डन एज’: सुवर्णयुग की सुवर्णकाळ?

प्रश्न असा आहे: टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर मराठीत लिहिताना ‘गोल्डन एज’ला सुवर्णयुग आणि ‘नॉस्टॅल्जिया’ला स्मरणरंजन म्हटलं तर चालेल का?

सुवर्णयुग नको. युग हा लांब पल्ल्याचा शब्द आहे, आणि आपल्याकडे त्याच्या मागोमाग सत्ययुग ते कलियुग ही उतरंड येतेच. ‘तेव्हा सुवर्णयुग होतं’ असं लिहिलं की ‘आता सगळं बिघडलं’ हे न लिहिताही वाचलं जातं. इथे मामला जेमतेम काही वर्षांचा आहे, त्याला सुवर्णकाळ पुरतो. मात्र सुवर्णकाळ कुठला, हे सांगायलाच हवं. हे संगीत जिथे जन्मलं त्या अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा म्हणाल तर हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन या संगीतकारांची १९८५ नंतरची वर्षं. ‘टेक्नो’ हे नाव जगभर पोचवणारा संग्रह १९८८ मध्ये ब्रिटनमधून निघाला. बर्लिनचा म्हणाल तर १९८९ मध्ये भिंत पडल्यानंतरचा. नुसतं ‘टेक्नोचा सुवर्णकाळ’ लिहिलं तर दोन शहरांची सरमिसळ होते.

‘सोन्याचे दिवस’ हा पर्याय गोड वाटतो, पण तो इथे चुकीचा ठरेल. सोन्याचे दिवस येतात ते माणसाच्या परिस्थितीला. डेट्रॉईटमध्ये तेव्हा मोटारउद्योग ओसरत होता, लोक शहर सोडून जात होते. टेक्नोत वाजणारं रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे तालयंत्र १९८३-८४ मध्ये निघालं, पण बाजारात चाललं नाही. म्हणूनच ते जुन्या मालात स्वस्त मिळून तरुणांच्या हाती लागलं. निर्मितीचा सुवर्णकाळ आणि हलाखीचे दिवस एकाच वेळी असू शकतात, आणि हा फरक मराठी शब्दांत नेमका पकडता येतो. ‘जुनं ते सोनं’ तर आणखी वेगळं. त्या म्हणीत जुनेपणालाच मान आहे, ठरावीक काळाला नाही.

आता नॉस्टॅल्जिया. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रबंधात ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द घडवला, तो घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी. म्हणजे मुळात ओढ जागेची होती, काळाची नंतर झाली. स्मरणरंजनात ही वेदना उरत नाही. ‘रंजन’मुळे आठवणींत सुखाने रमणं एवढाच अर्थ येतो. शिवाय स्मरण हवं, तर ते क्षण स्वतः जगलेले हवेत. बर्लिनचा ‘ट्रेझर’ हा टेक्नोचा क्लब १९९१ पासून २००५ पर्यंत एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीघरात होता. तिथे नाचलेला माणूस स्मरणरंजन करू शकतो. २००० नंतर जन्मलेल्याला त्या तळघराची हुरहुर वाटते, तेव्हा ते स्मरणरंजन नव्हे. त्याला गतकातरता म्हणावं. ‘कातर’मध्ये कातरवेळेची व्याकुळता आहे, आणि ती अनुभवायला आधीची आठवण लागत नाही. विशेषणही सरळ होतं: गतकातर श्रोता, गतकातर सूर. ‘स्मरणरंजनात्मक’ जिभेवर अडखळतं. त्याऐवजी ‘स्मरणरंजनात रमलेला’ लिहावं.

‘ओल्डस्कूल’ मात्र यात ओढू नका. ती शैली आहे, भावना नाही. ‘जुन्या वळणाचं टेक्नो’ म्हटलं की झालं. आज बनवलेला तुकडाही जुन्या वळणाचा असू शकतो.

एक पेच उरतोच, आणि तो या चर्चेतला सगळ्यात सुंदर भाग आहे. ॲटकिन्सने ‘टेक्नो’ हा शब्द उचलला तो ॲल्विन टॉफ्लर या अमेरिकी लेखकाच्या भविष्यवेधी लेखनातून. हे संगीत उद्याचं म्हणून जन्मलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला हुरहुर लागते ती अनेकदा गेलेल्या दिवसांची नसते. त्या दिवसांत जो उद्या दिसत होता, त्याची असते. तिथे ‘गत’ हा उपसर्गासारखा लावलेला शब्दही अपुरा पडतो. अशा वाक्यात एकच शब्द शोधत बसू नये. ‘तेव्हाच्या उद्याची ओढ’ असं सरळ लिहावं.