शंका आली म्हणजे विश्वास गेला का?

ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनाला येणारी माणसे बहुधा झोप लागत नाही, घरात पटत नाही किंवा मुलगा अभ्यास करत नाही असे कारण सांगत येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आवाज खाली आणून वेगळेच विचारतात. आपल्याला देवाविषयी, प्रार्थनेविषयी, पवित्र शास्त्रातल्या एखाद्या गोष्टीविषयी प्रश्न पडतात. मग आपण ख्रिस्ती राहिलो का? मी स्वतः मराठी ख्रिस्ती घरातली आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारताना माणूस दाराकडे का पाहतो, हे मला कळते. आमची मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसे, लहान असते, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि एकाच्या घरी झालेले बोलणे पुढच्या रविवारच्या उपासनेपर्यंत सर्वांच्या कानी गेलेले असते.

ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे त्यांच्या संमतीने लिहीत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या परिचारिका आहेत, वय चाळिशीच्या आसपास, आणि बारा वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवत होत्या. "मॅडम, देव प्रार्थना ऐकतो हे वाक्य मी मुलांना दर रविवारी सांगायचे. आता ते माझ्या तोंडून निघतच नाही," असे त्या म्हणाल्या. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, त्यांनी तब्येतीचे कारण सांगितले होते आणि सहा महिने वर्ग घेतला नव्हता.

बोलता बोलता त्यांनी पर्समधून एक वही काढली. खाकी कव्हर घातलेली शंभर पानी वही होती. डावीकडे प्रार्थनेचा विषय, उजवीकडे तारीख, आणि उत्तर मिळाले की लाल पेनाने बरोबरची खूण, अशी त्यांची पद्धत होती. कुणाची नोकरी, कुणाचे बाळंतपण, कुणाचा विहिरीच्या पाण्याचा प्रश्न अशी पानेच्या पाने भरलेली होती. एप्रिल २०२१ मध्ये एका पानावर धाकट्या भावाचे नाव होते. उजवीकडे काहीच नव्हते, आणि त्या पानानंतरची सगळी वही कोरी होती.

भाऊ करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ज्या इस्पितळात तो दाखल होता तिथेच त्यांची कोविड वॉर्डात रात्रपाळी होती. घरच्यांनी उपास धरला, मंडळीने साखळी प्रार्थना लावली, चोवीस तास कुणी ना कुणी गुडघ्यावर होते. तिसऱ्या रात्री पंधरा लिटर ऑक्सिजन लावूनही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८२ च्या वर सरकत नव्हता. त्या पलंगाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या मनात आले, हा आता वाचत नाही. दोन दिवसांनी तो गेला. पुढे एका प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणाले की, एवढी प्रार्थना होऊनही उत्तर आले नाही, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मनात शंका असणार. बोलणाऱ्या व्यक्तीला त्या रात्रीविषयी काही ठाऊक नव्हते. पण बाईंना ठाऊक होते. तेव्हापासून त्या मनाशी एकच हिशेब करत होत्या: माझ्या मनात शंका आली, म्हणून माझा भाऊ गेला.

त्यांच्या अडचणीचे मूळ इथे होते, आणि शंकेच्या बहुतेक प्रकरणांत मला ते असेच वरून न दिसणाऱ्या जागी सापडते. "माझा विश्वास डळमळला" असे माणूस म्हणतो तेव्हा ती शंका कशाची बनलेली आहे, हे आधी पाहावे लागते. कधी ती खरोखर बुद्धीला पडलेली असते, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टी आणि शाळेतले विज्ञान यांचा मेळ कसा घालायचा, अशा स्वरूपाची. तिला वाचन आणि जाणत्या माणसाची सोबत पुरते. कधी ती मंडळीतल्या भांडणातून किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वागण्यातून आलेली असते आणि तिचा देवाशी फारसा संबंधच नसतो. आणि कधी ते दुःख असते, अपराधीपणा असतो, ज्याला दुसरे नाव न सापडल्याने माणूस त्याला शंका म्हणतो. या बाईंची शंका तिसऱ्या प्रकारची होती.

मी त्यांना विचारले, "ताई, त्या रात्री त्या पलंगावर तुमचा भाऊ नसून दुसराच कुणी पेशंट असता आणि आकडा तोच असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावलं असतं, आणि नातेवाइकांना बोलावून घ्या म्हटलं असतं." "त्याला तुम्ही अविश्वास म्हटलं असतं का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्या रात्री मनात आले ते त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेले ज्ञान होते, आणि ते ज्ञान देवाच्या विरुद्ध उभे नव्हते, हे मान्य करायला त्यांना पुढच्या तीन भेटी लागल्या.

मधे मी एक चूक केली, ती सांगणे आवश्यक आहे. मार्काच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही गोष्टी बोलणाऱ्या त्या बापाला येशू परत पाठवत नाही. मी मोठ्या भरवशाने हा उतारा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मॅडम, त्याचा मुलगा बरा झाला." मला उत्तर नव्हते, आणि ते नाही हे मी त्यांना सांगितले. दुःखी माणसासमोर घाईने वचन, म्हणजे शास्त्रातले वाक्य, ठेवले की ते त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखे होते, मग वचन कितीही खरे असो.

त्यानंतर आम्ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र वाचले. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे येता येता आशेच्या वाटेवर वळतात, "हे परमेश्वरा, कोठवर?" असा आक्रोश करणारे १३ वे स्तोत्रही शेवटी गाण्यावर येते. ८८ वे वळत नाही. ते अंधारातच संपते. त्यांनी इतक्या वर्षांत ते कधी वाचले नव्हते, कारण संडे स्कूलच्या पाठांत ते नसते. "हे पवित्र शास्त्रात ठेवलं कुणी?" असे त्यांनी विचारले. ज्यांनी ठेवले ते श्रद्धावंत होते, आणि असे बोलणाऱ्याला देवाच्या घरात जागा आहे असे त्यांना वाटले असले पाहिजे, एवढेच मी म्हणाले. ते बोलणे देवाविषयी पाठीमागे केलेले नाही, त्याच्याच तोंडावर केलेले आहे. मला वाटते, प्रश्न विचारणारा माणूस आणि देवाकडे पाठ फिरवलेला माणूस यांच्यातला फरक इथेच आहे.

त्यांना सर्वांत जास्त टोचत होते ते याकोबाच्या पत्रातले वचन, की संशय धरणारा वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा आहे. प्रार्थना सभेत तेच वाचले गेले होते. आम्ही त्याच्या आधीचे वचन वाचले. तिथे म्हटले आहे की जो ज्ञानाने उणा आहे त्याने ते देवाजवळ मागावे, देव दोष न लावता उदारपणे देतो. म्हणजे तो सगळा उतारा मागण्याविषयी, विचारण्याविषयी आहे. आणि पुढे ज्याला द्विबुद्धीचा म्हटले आहे तो एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवणारा माणूस आहे, रात्रपाळीत भावाच्या पलंगाशी उभी असलेली बहीण नव्हे.

एका भेटीत मी पंडिता रमाबाईंचा विषय काढला, कारण त्यांच्या वहीच्या मुखपृष्ठामागे रमाबाईंचे चित्र चिकटवलेले होते. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना जी पत्रे लिहिली त्यांत त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मूळ सिद्धांतांवरही त्या थेट प्रश्न करतात. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र प्रश्नांना प्रश्न म्हणूनच घेतले आणि धीराने पत्रे लिहीत राहिल्या. याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना अंतरी देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. ही पत्रे ठाऊक असतानाही त्यांच्या चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केले.

घरातल्या माणसांना मी एवढेच सांगू इच्छिते की अशा वेळी पहिल्या मिनिटात वचन सांगू नये, "सैतान मनात घालतो" असे म्हणू नये, आणि मंडळीतले काम शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. झोप आणि भूक यांच्याकडे मात्र लक्ष ठेवावे. या बाईंना दोन-दोन तासांपेक्षा जास्त झोप नव्हती, म्हणून मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही महिने त्यांनी औषध घेतले. गोळी घेणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास, असेही त्यांना वाटत होते. स्वतः रोज शेकडो गोळ्या वाटणाऱ्या बाईंना हे वाटावे, यावरून त्या किती घाबरल्या होत्या ते कळेल.

सातव्या भेटीला त्या स्वतःच एक उतारा घेऊन आल्या. योहानाचा अकरावा अध्याय. ज्या लाजराला येशू पुढे जिवंत करतो, तो मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते आणि अगदी तेच म्हणते. "दोघी बहिणींनी तोंडावर विचारलं, मॅडम. तो रागावला नाही. रडला." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "त्याच्या पुढचं मी अजून वाचत नाही. तिथंच थांबते."

त्यांच्या संमतीने मी त्यांच्या पाळकांशी त्यांची भेट ठरवली. पाळकांनी त्यांना सांगितले की दुसऱ्या लाटेत आपण इतके दफनविधी केले की नंतर कित्येक महिने स्वतःसाठी प्रार्थना करता आली नाही, फक्त पुस्तकातली वाचली. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

आज त्या रविवारी उपासनेला जातात. वर्ग पुन्हा घेतात, पण देव प्रार्थना ऐकतो याच्यापुढे आणि तरीही आपल्याला हवे ते घडतेच असे नाही, हे मुलांना सांगतात. एका मुलीने "मग करायची कशाला?" असे विचारले तेव्हा "मलाही तोच प्रश्न आहे, आपण दोघी विचारू या" असे त्यांनी उत्तर दिले. वहीतल्या भावाच्या पानावर उजवीकडे त्यांनी लाल नव्हे, निळ्या पेनाने "कोठवर?" एवढा एक शब्द लिहिला आहे, आणि पुढच्या पानांवर पुन्हा विषय येऊ लागले आहेत. भावाच्या दफनाच्या वेळी म्हटलेले गीत उपासनेत आले की त्या सर्वांबरोबर उभ्या राहतात, पण गात नाहीत. पहिल्या वेळी आईने त्यांना कोपराने ढोसले होते. आता आई त्या गीताला त्यांचा हात धरून उभी राहते.