आधी निघायचं पान वाच

पोरा,

तुझं ते एक्सेल काल रात्री उघडलं, आयोवात वॉलकॉटच्या ट्रकस्टॉपला, मोबाईलवर, चष्मा वर-खाली करत. तीन ट्रक कंपन्या, तीन रंग, आणि ८८ टक्केवाल्या ओळीला हिरवा. खाली मेसेज, "काका, फक्त हो की नाही सांगा." फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी चिडतो, तू "हो काका, हो काका" करतोस आणि शेवटी तुला करायचं तेच करतोस. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, डॉकवर बसून वाचलंस तरी चालेल, तिथे नाहीतरी तीन तास जातात.

गाडी चालवायचं तुला काय सांगायचं, ते येतं तुला. गाडी घेऊ की नको हाही विषय संपला, कॅस्केडिया ट्रक घेतलास, हप्ता चालू झाला. आता प्रश्न एकच, गाडी लावायची कुणाकडे, म्हणजे कुठल्या कंपनीशी लीज करून तिच्या नावाखाली चालवायची. लोड ती देणार, भाड्यातला ठरलेला टक्का किंवा मैलाचे पैसे तुला.

तुझ्या एक्सेलमध्ये बावीस कॉलम आहेत, मी मोजले. टक्का, फ्युएल सरचार्ज, ट्रेलरचं भाडं, इन्शुरन्स, साइन-ऑन बोनस, घरी किती दिवस, अगदी टर्मिनलवर शॉवर आहे का तेही आहे. सोडताना काय होतं हा कॉलम नाही. एस्क्रो, म्हणजे ते तुझ्याकडून कापून ठेवतात ते डिपॉझिट, परत किती दिवसात, कशाकशाचे कापून, ट्रेलर कुठल्या यार्डात नेऊन द्यायचा, तिथपर्यंतचं डिझेल कुणाचं, नंबरप्लेट कुणाच्या नावावर, नोटीस किती दिवसांची, आणि नोटीस दिल्यावर ते लोड देतात का तुला पार्किंगमध्ये सडवतात. हे सगळं लीजच्या शेवटच्या चार-पाच पानांत असतं आणि तिथपर्यंत कुणी जात नाही, कारण तोवर ओरिएंटेशनला पिझ्झा आलेला असतो. मी तरी कुठे गेलो होतो.

ते सांगतोच. २०११ साली मी एका मोठ्या कंपनीकडे लीज-पर्चेसवर गाडी घेतली, नाव लिहित नाही, काही उपयोग नाही. दर आठवड्याला ७४५ डॉलर गाडीचे, वर मैलामागे १० सेंट मेंटेनन्स फंडात. माझ्या डोक्यात एकच, चार वर्षांनी गाडी माझी. आणि ती लोकं त्याला म्हणायची वॉक-अवे लीज, कधीही चावी ठेवा आणि निघा, काय गोड वाटतं ऐकायला. २०१३ च्या फेब्रुवारीत गावाकडून फोन आला की आण्णांना मिरजेला ॲडमिट केलंय. मी तेव्हा वायोमिंगमध्ये होतो, आय-८० वाऱ्याने बंद, रॉलिन्सला अडकलेलो. रस्ता दुसऱ्या दिवशी उघडला, लोड सॉल्ट लेकला टाकला, लोड देणाऱ्या डिस्पॅचरला सांगितलं जातोय म्हणून. तो चांगला माणूस होता, जा म्हणाला. पण डिस्पॅचर चांगला असला म्हणून कागद चांगला होत नाही. मी पोचलो तेव्हा आण्णा गेले होते, तेरावं करून परत आलो, चोवीस दिवस झाले होते. त्या चोवीस दिवसांत गाडीचा हप्ता, ट्रेलर, इन्शुरन्स सगळं चालूच. सेटलमेंट, म्हणजे हिशोबाचा कागद, हातात आली तर खाली उणे ३,१८० डॉलर, आणि त्याखाली छोट्या अक्षरात की एकवीस दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहिली म्हणून लीज रद्द. पान सतरा. माझी सही होती तिथे, इनिशियल्ससकट.

मेंटेनन्स फंडात माझे साडेआठ हजार पडले होते. त्यातून ते ३,१८० गेले, मग टायर, मग क्लीनिंग, मग कसलीशी "रिकंडिशनिंग", शेवटी शून्य. मी यार्डात उभा, थंडी मरणाची, कॅबमधलं सामान काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरलेलं, एकीत गादी, एकीत कपडे, आणि कुकर हातात कारण तो पिशवी फाडत होता. तुझी काकू गाडी घेऊन येईपर्यंत दोन तास तो कुकर धरून उभा होतो. तेव्हा पहिल्यांदा मी ते पान सतरा नीट वाचलं.

आता तू म्हणशील माझी गाडी बँकेची आहे, कंपनीची नाही, मला हे लागू नाही. अर्धं बरोबर. लीज-पर्चेसच्या भानगडीत तू पडला नाहीस हे चांगलंच, जानेवारी २०२५ मध्ये तर सरकारनेच नेमलेल्या टास्क फोर्सने अमेरिकन काँग्रेसला सांगितलं की हे प्रोग्रॅम बंदच करा. पण तुझ्या त्या हिरव्या ओळीत ट्रेलर कसा आहे ते बघितलंस का? "लीज टू ओन," म्हणजे हप्ते भरत शेवटी आपला. आणि ५,००० साइन-ऑन, वर्षाच्या आत सोडलं तर परत. अरे, हे तुला ओळखू येत नाही? तू बीडचा आहेस! उचल आहे ती. मुकादम दसऱ्याच्या आधी हातात पैसे ठेवतो आणि मग टोळीला फड सोडता येत नाही, तेच आहे, फक्त इथे झूमवर देतात आणि त्याला बोनस म्हणतात. आमच्या वाळव्याकडे तुमच्याकडच्या टोळ्या यायच्या, लहानपणी डोळ्यांनी बघितलंय, फेडता फेडता पुढच्या सीझनची उचल अंगावर. तुझ्या आजोबांना विचार, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

बरं, टक्क्याचं बोलू, कारण त्याशिवाय तू ऐकणार नाहीस. समज आठवड्याला ६,००० डॉलर भाड्याचा माल ओढलास. ८८ टक्के म्हणजे ५,२८०. त्यातून तूच लिहिलेल्या कपाती, ट्रेलर ३५०, इन्शुरन्स ३७५, ईएलडी (चालवायच्या तासांची नोंद ठेवणारं यंत्र) आणि ॲडमिन ६०, एस्क्रो २५०. उरले ४,२४५. ती ७५ टक्केवाली, जिला तू लाल केलंयस, तिच्यात ट्रेलर त्यांचा, लायबिलिटी आणि कार्गोचा इन्शुरन्स त्यांचा, तुझं फक्त बॉबटेल, म्हणजे ट्रेलर नसतानाचा इन्शुरन्स, आणि प्लेट, धर १००. ४,५०० मधून १०० गेले, ४,४००. आता मंदीचा आठवडा घे, ३,००० चाच माल. हिरवीत उरतात १,६०५, लालमध्ये २,१५०. टक्का मालाबरोबर खाली येतो, कपात येत नाही. एवढं साधं गणित आणि तू इंजिनिअरिंग सोडून आलेला मुलगा.

एस्क्रो माझाच आहे काका, तो खर्चात धरू नका, असं म्हणणार तू. मग परत शेवटच्या पानावर ये. आठवड्याला २५० प्रमाणे वीस आठवड्यांत ५,००० भरणार, ते तुझे कधी? सोडल्यावर. म्हणजे तुझे आहेत का नाहीत हे सोडतानाच कळणार. फेडरल नियमांचा भाग ३७६ आहे, ट्रुथ-इन-लीजिंग म्हणतात, फार मोठा नाही, एका जेवणात वाचून होतो. त्यात आहे की लीज संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत एस्क्रो परत द्यायचा, मधे कधीही हिशोब मागायचा तुला हक्क आहे, त्यावर निदान तिमाहीला व्याज द्यायचं, आणि कशाकशाचे पैसे त्यातून कापणार ते आधीच लीजमध्ये लिहिलेलं पाहिजे. मला २०१३ मध्ये यातलं एक अक्षर माहिती नव्हतं. साधं एक रजिस्टर्ड पत्र टाकलं नाही मी, हिशोब द्या म्हणून. लाजच वाटली असेल, किंवा आण्णांचं डोक्यात होतं. तेवढं मात्र अजून खुपतं, पैसे गेले ते गेले, पण मी विचारलंसुद्धा नाही.

त्याच भाग ३७६ मध्ये अजून दोन-तीन गोष्टी आहेत त्या तुझ्या एक्सेलात टाक. कागद जमा केल्यापासून १५ दिवसांत पैसे. टक्क्यावर असशील तर रेट लावलेल्या बिलाची कॉपी सेटलमेंटच्या वेळी किंवा आधी, म्हणजे ब्रोकरने, माल मिळवून देणाऱ्या दलालाने, किती दिले ते तुला दिसलं पाहिजे, नाहीतर ८८ टक्के कशाचे? त्यांनी सांगितलेल्या आकड्याचे. आणि त्यांच्याकडूनच डिझेल, टायर, इन्शुरन्स घ्यायची सक्ती गाडी लावायची अट म्हणून करता येत नाही. तिसरी कंपनी मैलावर देते, तिला विचार कुठले मैल, प्रॅक्टिकल, म्हणजे ट्रक खरंच जातो त्या रस्त्याचे, की हाउसहोल्ड गुड्सवाले, म्हणजे तक्त्यातले, हे दुसरे बहुतेक वेळा तुझ्या ओडोमीटरपेक्षा कमीच भरतात. बाकी तिच्यात फार दम नाही, सोड.

सरकारच्या सेफर साइटवर तिघांचे डीओटी नंबर, म्हणजे कंपनीचे सरकारी नोंदणी नंबर, टाकून बघ. गाड्या किती, इन्स्पेक्शनमध्ये किती गाड्या आउट ऑफ सर्व्हिस गेल्या, म्हणजे तिथेच थांबवल्या, शेजारीच राष्ट्रीय सरासरी छापलेली असते. त्यांचं रेकॉर्ड खराब तर प्रत्येक वजनकाट्यावर तुला आत ओढणार, दारावर नंबर त्यांचा आहे ना. आणि रिक्रूटर जे दोन नंबर देते त्या ड्रायव्हरांना अजिबात फोन करू नकोस. आमचे आण्णा इस्लामपूरहून मुंबईला गूळ न्यायचे, अर्ध्या भागीतली टाटा, ते नव्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी लावायच्या आधी सोडून गेलेला गाडीवाला शोधायचे, त्याला चहा पाजायचे. तू जोलिएटच्या ट्रकस्टॉपला रविवारी जा, दारावर जुन्या स्टिकरचे डाग असलेली गाडी शोध आणि त्याला विचार की सोडलं तेव्हा काय झालं. पगाराचं विचारू नकोस. सोडलं तेव्हा काय झालं, एवढंच.

स्टिकरवरून आठवलं. दुसरी कंपनी सोडली तेव्हा नियमाप्रमाणे त्यांची ओळख दारावरून काढायची होती, ती काढून परत दिल्याशिवाय शेवटचं पेमेंट नाही अशी अट लीजमध्ये घालता येते, घातलेली होती. जानेवारी, बाहेर उणे पंधरा, काकूचा हेअर ड्रायर एक्स्टेन्शन लावून दारावर धरला होता आणि जुन्या क्रेडिट कार्डाने एकेक अक्षर खरवडत होतो. तुकडे झिपलॉकमध्ये भरून त्यांना कुरिअर केले, वर दाराचा फोटो. ४१ व्या दिवशी एस्क्रोचा चेक आला, व्याज ९ डॉलर काहीतरी. तो चेक मी चार दिवस बँकेत टाकला नाही, काकू ओरडली तेव्हा टाकला. कारण त्या कंपनीचं शेवटचं पान मी आधी वाचलं होतं रे, सहीच्या आधी दोन ओळी बदलून घेतल्या होत्या, आणि त्यांनी बदलल्याही! विचारलं तर बदलतात. न बदलणारा तिथेच कळतो, सही करायच्या आधी, फुकटात.

आता मला माहिती आहे तुमच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय बोलतात. काका बारा वर्षं एकाच कंपनीकडे ७२ टक्क्यांवर पडून आहेत, स्वतःची अथॉरिटी, म्हणजे स्वतःच्या नावावर माल न्यायचा परवाना, काढली नाही, घाबरतात. घाबरत नाही. २०२१ मध्ये रेट आभाळाला भिडले तेव्हा सगळे मला वेड्यात काढत होते, माझ्याबरोबरच्या दोघांनी एमसी नंबर, त्याच परवान्याचे, काढले, एकाने तीन गाड्या केल्या. २०२२ पासून रेट पडले तर तोच इन्शुरन्सच्या हप्त्याला माझ्याकडे पैसे मागायला आला, दिले मी, परत मागितले नाहीत. मी काय म्हणतो, नव्या एमसीला कित्येक ब्रोकर दारात उभं करत नाहीत, पहिले अठरा महिने सरकारची नजर, इन्शुरन्स तुझ्या गळ्यात. ज्याला जमतं त्याने करावं. मला ७२ मध्ये झोप येते. माझं लीज तीस दिवसांच्या नोटिशीवर आहे, ट्रेलर घरापासून चाळीस मैलांवर सोडायचा आहे, एस्क्रो २,००० आहे आणि त्याची स्टेटमेंट दर तिमाहीला येते. बारा वर्षं मी तिथे आहे कारण मला कधीही जाता येतं. काकूला हे पटत नाही, ती म्हणते तुम्ही हललाच नाहीत तर दार उघडं असून काय उपयोग. तिचंही काही चूक नाही. पण आईचं ऑपरेशन होतं गेल्या वर्षी तेव्हा मी सात आठवडे वाळव्यात होतो आणि गाडी अंगणात उभी होती, एक पैशाची कपात नाही. कपातीचं सगळं आधी लिहून घेतलेलं.

आणि निघायचं तूच ठरवशील असंही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये इंडियानापोलिसची सेलाडन ही ट्रक कंपनी बंद पडली तेव्हा ड्रायव्हर रस्त्यात होते आणि फ्युएल कार्ड चालेनात. त्यामुळे एक आकडा कायम डोक्यात ठेव, आज या घडीला माझे किती पैसे यांच्याकडे पडलेत. दोन आठवड्यांची सेटलमेंट अधिक एस्क्रो अधिक तो ट्रेलरचा भरलेला हप्ता. हिरव्या कंपनीत सहा महिन्यांनी हा आकडा पंधरा हजारांच्या वर जाईल, मी हिशोब केलाय. गाडीचा बँकेचा हप्ता थांबत नाही तेव्हा.

तर हो की नाही विचारतोस ना, हिरवीला नाही. लालला अजून हो नाही. त्या लाल कंपनीच्या बाईला आज ईमेल टाक, फोन नको, लेखी: एस्क्रो किती, कशाकशाला कापणार त्याची यादी, किती दिवसांत परत, ट्रेलर कुठे सोडायचा, प्लेट परत केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे कुणाचे, आणि मी तीस दिवस गावी गेलो तर काय काय कपात चालू राहते. शेवटचा प्रश्न जसाच्या तसा लिही. उत्तर यायला किती दिवस लागतात ते कॉलम तेवीसमध्ये टाक. आणि पूर्ण लीजची पीडीएफ माग, ओरिएंटेशनला देऊ म्हणाले तर मला लगेच मेसेज कर.

शनिवारी मी घरी आहे, अकरानंतर ये, सकाळी गाडीला ग्रीस मारायचंय. प्रिंट काढून आण, मोबाईलवर मला ते बारीक अक्षर दिसत नाही.

काका

ता.क. काकू विचारतेय कुकर घेतलास का नवीन गाडीत. तीन लिटरचा घे, पाचचा इन्व्हर्टरशेजारी बसत नाही.