फोन कपाटात ठेवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. महिनाभर मोबाइल कपाटात टाकून जगून बघायचं ठरवते आहेस, आणि जमलं तर कायमचाच सोडायचा विचार आहे, असं लिहिलं आहेस. शेवटी विचारलं आहेस, माणसं मोबाइलशिवाय जगू शकतील का? माझी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला आला असावा. उत्तर आधी देतो, पाल्हाळ नंतर लावतो. महिनाभर तू व्यवस्थित जगशील, पण तो महिना दुसऱ्यांच्या मोबाइलवर काढशील. "जरा तुमच्या फोनवरून गाडी बोलावता का?", "ताईला एवढं कळवाल का?", "तिकीट तुमच्या नंबरवर मागवू का?" असं रोज चालेल. फोन सोडल्याचं कौतुक तुझं आणि हेलपाटे शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे.

आमच्या वयाची मंडळी यावर लगेच म्हणतात, "आम्ही नाही का जगलो मोबाइल नसताना?" जगलो की. पण तेव्हा मोबाइलच्या जागी मोकळी पोकळी नव्हती. रस्त्यात सार्वजनिक फोन होते, ऑफिसात लँडलाइन होती, जाडजूड डिरेक्टरी होती, स्टेशनवर चौकशीची खिडकी होती आणि तिच्यात माणूस बसलेला असायचा. छापील वेळापत्रक, मनगटावर घड्याळ, उशाशी गजराचं घड्याळ, खिशात नंबरांची वही. भेटीगाठींचीही एक शिस्त होती. जागा आणि वेळ ठरली की ठरली. "निघाले की सांगते" हा प्रकारच नव्हता, कारण निघाल्यावर सांगणार कसं? उशीर झाला तर समोरचा अर्धा तास थांबायचा, मग आपल्या वाटेने जायचा, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटायचं नाही. हा सगळा बंदोबस्त होता म्हणून आम्ही जगलो. त्यात आमचा पराक्रम काही नव्हता.

तो बंदोबस्त हळूहळू मोडीत निघाला. न्यूयॉर्क शहराने आपल्या मालकीचा शेवटचा सार्वजनिक फोन टाइम्स स्क्वेअरजवळून २३ मे २०२२ रोजी उचलून नेला. याच न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला होता. केला कुणाला, तर प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगल यांना! किलोभर वजनाचं ते धूड होतं.

त्या कॉलमुळे जे बदललं त्याकडे जरा नीट बघ, तुझ्या प्रश्नाची मेख तिथे आहे. तोवर टेलिफोन नंबर हा जागेचा असायचा. तुम्ही एखाद्या घरातल्या, एखाद्या टेबलावरच्या फोनला घंटी द्यायचात आणि मग तिथे कोण आहे ते विचारायचात. मोबाइल आला आणि नंबर माणसाचा झाला. फोन उचलल्यावर "कुठे आहेस?" असं विचारायला लागलो ते तेव्हापासून. आणि नंबर म्हणजे माणूस असं एकदा ठरल्यावर बँकेने, तिकीटवाल्याने, दवाखान्याने, सरकारी खात्याने तो धरून ठेवला. आज तुझा नंबर तुझ्या सहीचं काम करतो. म्हणून फोन सोडणं हे टीव्ही सोडण्याइतकं सोपं राहिलेलं नाही. टीव्ही विकला म्हणून बँक तुला ओळखायचं थांबत नाही.

एक्स्चेंजमधली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे बॅटरी रूम असायची. मोठमोठ्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, आत पाऊल टाकलं की नाकात आंबूस, झोंबरा वास. तिथून ४८ व्होल्टचा पुरवठा तांब्याच्या दोन तारांवरून थेट ग्राहकाच्या घरापर्यंत जायचा. म्हणून गावभर अंधार असला तरी साधा लँडलाइन फोन चालू. त्याला घरातल्या विजेशी देणंघेणंच नव्हतं. मोबाइलच्या टॉवरलाही बॅटऱ्या असतात, पण बऱ्याच ठिकाणी काही तासांपुरत्या. शिवाय तुझ्या हातातली बॅटरी वेगळी. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा जसजसे तास उलटले तसतसं मोबाइलचं जाळं बसत गेलं, आणि बातमी कळावी म्हणून लोक सेलवर चालणाऱ्या रेडिओभोवती जमले. त्याआधी ८ जुलै २०२२ ला कॅनडात वीज नीट होती, पण रॉजर्स या कंपनीच्या जाळ्यात काम चालू असताना एक चुकीचा बदल झाला आणि एक कोटीहून जास्त ग्राहकांची सेवा बंद पडली. कार्डाने पैसे देण्याची तिथली इंटरॅक ही व्यवस्था देशभर अडली. अनेकांना ९११ हा आपत्कालीन नंबरसुद्धा लागेना. त्या दिवशी लाखो लोक मोबाइलशिवाय जगलेच, पण तो अनुभव काही त्यांनी मागून घेतलेला नव्हता.

आता उलट टोकाचं उदाहरण. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक म्हणून गाव आहे. तिथे १०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग ती टिपते, त्यामुळे जवळपास दुसरं कुठलंही प्रक्षेपण तिला चालत नाही. १९५८ मध्ये तिथे सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा शांत पट्टा जाहीर झाला. त्या सगळ्या पट्ट्यात मोबाइल नाही असं नाही. निर्बंध खरे कडक आहेत ते दुर्बिणीच्या आसपास. मोबाइलच्या जमान्यातही तिथल्या माणसांनी संसार केले, धंदे केले, पोरं वाढवली. जमलं कसं? शेजाऱ्याकडेही मोबाइलचा सिग्नल नव्हता, लँडलाइन घरोघरी होती आणि कुणी कुणाकडून मिनिटाभरात उत्तराची अपेक्षा धरत नव्हतं. सगळा गाव एकाच रीतीने राहत असला की कुणा एकाला व्रत घ्यावं लागत नाही. तू मात्र एकटी उतरणार आहेस, भोवतालचं जग होतं तसंच चालू असताना.

आणखी एक. "मोबाइल ही चैन आहे" असं तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. ते खोड. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी टेलिफोन हे यंत्र जवळजवळ शंभर वर्षं निरुपयोगी होतं. टेलिप्रिंटरसारखं यंत्र जोडून काम भागायचं, पण तसंच यंत्र पलीकडच्याकडेही लागायचं. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला, आणि पुढे तो ज्याच्या-त्याच्या खिशात आला तेव्हा या माणसांना पहिल्यांदा कुणालाही, कुठूनही, मध्यस्थाशिवाय निरोप देता आला. आता व्हिडिओ कॉलवर दोघं खुणांच्या भाषेत तासभर गप्पा मारतात. केरळच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल येण्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागायची आणि जवळच्याच दुसऱ्या बंदरावर मासळी मिळत नाही म्हणून लोक परत जायचे. होडीतून चार फोन करता यायला लागले आणि ही नासाडी जवळपास थांबली. त्यांना जाऊन सांग, महिनाभर फोन कपाटात ठेवा म्हणून.

मग तुला सोडायचं आहे ते नेमकं काय? मला वाटतं, तुझी तक्रार फोनबद्दल नाहीच. परवा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. त्याने खिशातून फोन काढला, पडद्यावर नजर टाकली, अंगठा दोनदा वर सरकवला, फोन परत खिशात. लगेच शेजारच्या बाईंनी त्याला वेळ विचारली. त्याने पुन्हा फोन काढला. आत्ताच त्या पडद्याकडे बघितलं होतं, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत तिथे वेळच लिहिलेली असते. तू ज्याला कंटाळली आहेस ते हेच असावं. यासाठी बँक, तिकीट, ताईचा फोन कशालाच हात लावायची गरज नाही.

२०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांचा फोन टेबलावर पालथा ठेवला, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत, आणि सगळ्यांना डोकं लावायची कामं दिली. दुसऱ्या खोलीवाल्यांची कामगिरी टेबलवाल्यांपेक्षा सरस निघाली. नंतर इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसंच आढळलं असं नाही, त्यामुळे तू ते ब्रह्मवाक्य समजू नकोस. पण करून बघायला खर्च काही नाही. काम करताना फोन दुसऱ्या खोलीत, घंटीचा आवाज मोठा. कुणी बोलावलं तर उठून जा. लँडलाइनच्या काळात आम्ही तेच करायचो, चार पावलं चालून जायचो.

त्या घंटीबद्दल मात्र मी हट्टी आहे. माझ्या काळात फोन वाजला म्हणजे पलीकडे कुणीतरी माणूस नंबर फिरवून थांबलेला असायचा. चुकीचा नंबर लागला तरी माणूसच असायचा! आता दिवसभर जे वाजतं त्यातलं बरंचसं कुठल्या तरी यंत्राने आपणहून पाठवलेलं असतं: सवलत संपते आहे, अमक्याने फोटो टाकला, तीन दिवसांत तुम्ही फिरकला नाहीत. ते सगळं बंद कर. आवाज करायची परवानगी फक्त माणसांना, आणि त्यातही तू निवडशील त्यांना. सेटिंगमध्ये जाऊन एकेका अॅपचं नोटिफिकेशन बंद करायला संध्याकाळ जाईल, जाऊ दे.

दुसरं काम जरा रुक्ष आहे. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला तर काय, याची सोय आजच कर. दोन नंबर तोंडपाठ कर, घरचा एक आणि जवळच्या मैत्रिणीचा एक. आणखी काही नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव. ईमेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेला कोडही मागायची सोय, लावली असशील तर एकदाच वापरता येणारे जादा कोड मिळतात, गूगल असे दहा देतं. ते कागदावर उतरवून घरी ठेव. नाहीतर नव्या फोनवर खातं उघडायला गेलीस की ते म्हणणार, जुन्या फोनवर आलेला कोड सांगा. किल्ली आत ठेवून कडी लावल्यासारखं. साधं गजराचं घड्याळ घे, म्हणजे सकाळी डोळे उघडताच हात फोनकडे जाणार नाही. आणि घरच्यांना सांगून ठेव की संध्याकाळी अमुक ते अमुक वेळात मी उत्तर देणार नाही, अडलं तर दोनदा लागोपाठ फोन करा. न सांगता गायब झालीस तर पहिल्याच संध्याकाळी घरी घबराट होईल आणि तुझा प्रयोग तिथेच संपेल.

महिन्याऐवजी रोजचे हे काही तास धर, असं माझं म्हणणं आहे. जमलं तर वाढव.

आता एक मागणी आहे. तू कंपनीत नोंदणीचे फॉर्म आणि लॉगिनचे पडदे तयार करतेस. त्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबराच्या चौकटीपुढे लाल तारा, म्हणजे 'हे भरलंच पाहिजे' अशी खूण, टाकणारी तूच आहेस ना? तो टाकताना एकदा थांबत जा. नंबर नसलेला, फोन चोरीला गेलेला, सिग्नल नसलेल्या खोऱ्यात राहणारा, बोटं थरथरतात म्हणून वेळेत ओटीपी भरू न शकणारा माणूस या पडद्यावर आला तर त्याने काय करायचं? ईमेल चालेल का, खिडकीवर जाऊन काम होईल का, ओटीपीची वेळ थोडी वाढवता येईल का? तुझे वरिष्ठ म्हणतील, अशी माणसं किती असणार? त्यांना कॅनडातला तो दिवस सांग.

नव्या फॉर्मचा कच्चा आराखडा झाला की मला पाठव. माझ्याकडे फोन नाही असं धरून मी तो भरून बघतो, आणि कुठे अडलो ते कागदावर लिहून कळवतो.

कळावे.

तुझा,
काका